चिनी मालिकांतले मुख्य नट आणि आपली गोडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिनी मालिका पाहते म्हटलं की ओळखीतले लोक दोन गोष्टी विचारतात: कुठे पाहतेस, आणि एवढे भाग कसे पाहवतात? दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर नेहमी एकाच ठिकाणी येऊन थांबतं. मुख्य नट चांगला असेल तर पाहवतात. त्यावरून पुढे जे प्रश्न निघतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे.

गोष्ट चांगली असली की पुरे ना? नटावर एवढं काय अडतं?

अडतं, आणि त्याचं कारण या मालिका बनवण्याच्या पद्धतीत आहे. आपल्याकडची रोजची मालिका प्रेक्षक पाहत असतानाच पुढे लिहिली जाते. टीआरपी चढला की लग्न लांबतं, घसरला की एखादं पात्र अपघातात जातं. चीनमध्ये मालिका आधी पूर्ण चित्रित होते, तिचं संकलन होतं, सरकारी परवाना मिळतो आणि मग ती दाखवली जाते. म्हणजे पहिल्या भागात निवांत चहा ओतणाऱ्या नटाला शेवटच्या भागात आपलं काय होणार आहे, हे पक्कं ठाऊक असतं. त्याला त्या चहा ओतण्यातही ते पेरून ठेवता येतं.

पण चित्रीकरण भागांच्या क्रमाने होत नाही. एका महालातले सगळे प्रसंग एकदम उरकतात, मग ते दुसऱ्या भागातले असोत की साठाव्या. सकाळी सोळा वर्षांची नवखी मुलगी आणि दुपारी तिचीच मुरलेली राणी, असं एकाच दिवशी करायची वेळ येते. पात्राचा सगळा प्रवास नटाच्या डोक्यात नसेल तर पडद्यावर तुकडे दिसतात. पाहणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, फक्त पंधराव्या भागाच्या आसपास कंटाळा येतो. गोष्ट बरी असूनही अर्ध्यात सोडलेली मालिका आठवून पाहा. बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

चांगला मुख्य अभिनय म्हणजे नेमकं काय, एखादं उदाहरण द्याल का?

हू ग. मालिका 'निर्वाणा इन फायर', म्हणजे 'लांगया बांग', 2015 ची, 54 भागांची, खोंग शेंग आणि ली श्वे यांनी दिग्दर्शित केलेली.

लिन शू हा तडफदार तरुण सेनानी. राजद्रोहाचा खोटा आळ घेऊन त्याचं अख्खं सैन्य मारलं जातं. तो वाचतो, पण विषावरच्या उपचारात त्याचा चेहरा बदलतो आणि शरीर पार खचतं. बारा वर्षांनी तो मेई चांगसू या नावाने राजधानीत परततो. तलवार उचलण्याची ताकद उरलेली नाही. जाड लोकरी झगा पांघरून, शेगडीजवळ हात शेकत बसलेला, मधूनच खोकणारा सल्लागार, एवढीच आता त्याची ओळख. ज्यांच्याबरोबर तो लहानाचा मोठा झाला ते सगळे समोर वावरतात आणि त्याला ओळखत नाहीत.

नटाच्या दृष्टीने ही फार अवघड कामगिरी आहे. पात्राला काहीही दाखवायची मुभा नाही आणि प्रेक्षकाला मात्र सगळं कळायला हवं. सुरुवातीच्या भागांत एक प्रसंग आहे. राजघराण्यातली सगळ्यांत वृद्ध आजी, जिचं स्मरण आता धूसर झालंय, ती भरल्या सभेत याला पाहते आणि 'शाओ शू' अशी त्याच्या लहानपणीच्या नावाने हाक मारते. मग एके काळी त्याच्याशी लग्न ठरलेल्या नीह्वांगचा हात त्याच्या हातात देते. इतरांना वाटतं, म्हातारीचा गोंधळ झाला. हू गने त्या वेळी चेहरा जवळजवळ स्थिर ठेवला आहे. फक्त श्वास अडकतो आणि नजर खाली जायला क्षणभर उशीर होतो. मी तो प्रसंग किती वेळा पाहिला त्याचा हिशेब नाही.

माझ्या आत्याला सबटायटल वाचणं झेपत नाही. ही मालिका ती माझ्या शेजारी बसून, मधूनमधून मला विचारत पाहायची. दुसऱ्या की तिसऱ्या भागात म्हणाली, "हा आजारी आहे खरा, पण बसतो बघ कसा. पाठ सैनिकाची आहे." तोवर तो सैनिक होता हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

हू गच्या आयुष्यातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. ऑगस्ट 2006 मध्ये त्याच्या गाडीला भीषण अपघात झाला. त्याची सहायक त्यात दगावली आणि त्याच्या चेहऱ्याला, उजव्या डोळ्याला गंभीर इजा झाली. 2005 मध्ये देखणा तरुण नट म्हणून लोकप्रिय झालेल्या माणसाला बऱ्याच शस्त्रक्रियांनंतर वेगळा चेहरा घेऊन परत यावं लागलं. पुढे तो रंगभूमीवरही राबला. चेहरा बदललेल्या माणसाची भूमिका त्याच्याकडे आली तेव्हा चीनमधल्या प्रेक्षकांना हे सगळं माहीत होतं. 2016 मध्ये शांघाय टीव्ही महोत्सवाचा मॅग्नोलिया पुरस्कार याच कामासाठी त्याला मिळाला. 2024 मध्ये 'ब्लॉसम्स शांघाय'साठी तो पुन्हा मिळाला.

नटांचे आवाज त्यांचे स्वतःचे नसतात, हे खरं आहे का?

बऱ्याच मालिकांत खरं आहे, विशेषतः ऐतिहासिक आणि अद्भुतरम्य मालिकांत. कारणं साधी आहेत. जजियांग प्रांतातल्या हंगदियन चित्रनगरीत शेजारशेजारच्या महालांत एकाच वेळी कितीतरी मालिकांचं काम चालू असतं, पर्यटकही फिरत असतात, त्यामुळे स्वच्छ ध्वनी मिळत नाही. हाँगकाँग, तैवान आणि चीनच्या निरनिराळ्या प्रांतांतले नट एकत्र काम करतात, प्रत्येकाचे उच्चार वेगळे. शिवाय परवाना मिळवताना संवाद बदलावे लागले तर नंतरच्या ध्वनिमुद्रणात ते सहज बदलता येतात.

'एम्प्रेसेस इन द पॅलेस' घ्या. 2011 ची, 76 भागांची. जन ह्वानच्या भूमिकेत सुन ली आहे, आणि जन ह्वानचा आवाज आहे जी ग्वानलिन या ध्वनिकलावतीचा. सुन लीला 2013 च्या आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कारासाठी नामांकन मिळालं ते याच भूमिकेसाठी.

मग अभिनय कोणाचा? पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना हा प्रश्न इतका परका वाटायला नको. पडद्यावर ओठ एकीचे, गळा दुसरीचा, आणि गाणं दोघींचं, हे आपण केव्हाच मान्य केलं आहे. जन ह्वान मला तशीच दोघींची वाटते. ती महालात येते तेव्हा आवाज हलका आणि वरच्या पट्टीतला आहे, चालणं चपळ आहे. बादशहा आपल्यावर प्रेम करत होता ते केवळ आपला चेहरा त्याच्या मेलेल्या पहिल्या पत्नीसारखा आहे म्हणून, हे कळल्यावर ती महाल सोडून मठात जाते. परत येते तेव्हा नाव, दर्जा, पोशाख सगळं बदललेलं असतं. आता ती पापणीसुद्धा सावकाश हलवते. तो संथपणा सुन लीचा, आणि त्याला पेलणारा खालचा स्वर जी ग्वानलिनचा. चिनी इंटरनेटवर एखादी साधी मुलगी ठेच खाऊन कणखर झाली की तिला 'न्यूहुलू जन ह्वान' म्हणतात. न्यूहुलू हे महालात परतताना तिला मिळालेलं नवं कुळनाव.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आवाज नाहीतरी दुसऱ्याचा असणार, म्हणून काही नट संवाद पाठच करत नाहीत आणि कॅमेऱ्यासमोर नुसते "एक, दोन, तीन, चार" असे आकडे म्हणतात. चीनमध्ये अशा नट्यांना 'आकडेवाली बाई' या अर्थाचं नावच पडलं आहे. याला आपण पाट्या टाकणं म्हणतो. आकडे म्हणणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत दुःख कुठून येणार? आणि समोरच्या नटाने त्या आकड्यांना उत्तर म्हणून तरी काय द्यावं?

स्वतःच्या आवाजात काम केलेलं ऐकायचं असेल तर?

'ब्लॉसम्स शांघाय'ची शांघायनीज बोलीतली आवृत्ती ऐका. दिग्दर्शक वोंग कार-वाय यांची ही मालिका डिसेंबर 2023 मध्ये आली. हू ग, मा यीली, तांग यान हे तिघेही शांघायचेच. घरच्या बोलीत बोलताना माणसाचे खांदेसुद्धा सैल पडतात. भाषा कळत नसली तरी ते दिसतं.

सबटायटल वाचण्यात अभिनय निसटतो. काय करावं?

निसटतो खरा. मी महत्त्वाचा प्रसंग दोनदा पाहते, दुसऱ्यांदा सबटायटल बंद करून. वेळ जातो, पण ज्या मालिकेसाठी आपण पन्नास तास देणार, तिला आणखी दोन तास दिले तर काय बिघडलं?

मराठी माणसाला इथे एक फायदाही आहे. दरबारी चिनीत 'मी' आणि 'तू' यांना अनेक रूपं आहेत. 'जन' हा 'मी' फक्त बादशहाने म्हणायचा. राणी आपल्याहून खालच्या दर्जाच्यांशी बोलताना स्वतःला 'बन्गोंग' म्हणवते आणि बादशहासमोर 'छनछिए', म्हणजे आपली दासी. इंग्रजी सबटायटलमध्ये हे सगळं एकाच 'आय'मध्ये गडप होतं. आपल्या कानाला मात्र तू, तुम्ही, आपण यांतला फरक जन्मापासून ठाऊक आहे. एखाद्याने अचानक 'तुम्ही'वरून 'तू'वर यावं, की खोलीतली हवा बदलते. चिनी नट त्या बदलाच्या क्षणी काय करतो, थांबतो की नजर उचलतो, तिकडे लक्ष ठेवा. दहा-पंधरा भागांत हे शब्द कानाला ओळखू येऊ लागतात.

हिंदी डब पाहायला हरकत नाही, पण तो बऱ्याचदा डबचाच डब असतो. पहिल्यांदा तरी मूळ आवाजात पाहा.

देखण्या तरुण नटांना अभिनय येत नाही, अशी ओरड का होते?

कारण काही काळ तसं घडलं. ज्याच्या नावावर चाहत्यांची गर्दी जमते, त्याला तिथे 'ल्यूल्यांग' म्हणजे रहदारीवाला तारा म्हणतात. त्याचं नाव असलं की जाहिरातदार येतात, म्हणून त्याला तोंडाला येईल ती रक्कम मिळायची आणि लेखन, नेपथ्य, इतर नट यांच्यासाठी पैसा उरायचा नाही. शेवटी 2017 मध्ये तिथल्या उद्योगसंघटनांनी ठरवलं की सगळ्या नटांचं मिळून मानधन निर्मितीखर्चाच्या 40 टक्क्यांपुढे जाऊ नये, आणि त्यातला मुख्य नटांचा वाटा 70 टक्क्यांपुढे. 2018 मध्ये मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी आणि निर्मात्यांनी एका नटाला भागामागे 10 लाख आणि एकूण 5 कोटी युआनची मर्यादा घातली.

ठोकळ्यासारख्या चेहऱ्याला चिनी प्रेक्षक 'म्यानथान' म्हणतात, म्हणजे चेहऱ्याला लकवा. तो शब्द ते सढळ हाताने वापरतात, कधीकधी अन्यायानेही. 2019 च्या 'द अनटेम्ड'मधला वांग यीबोचा लान वांगजी हे पात्रच अबोल आणि थिजलेलं आहे. तिथे चेहरा हलला असता तर ती चूक ठरली असती.

उलटही होतं. जाओ लियिंग हबेइ प्रांतातल्या खेड्यातली, कुठल्याही नाट्यविद्यालयात न शिकलेली. 2006 च्या एका स्पर्धेतून ती या क्षेत्रात आली आणि वर्षानुवर्षं छोटी कामं करत राहिली. 'द स्टोरी ऑफ मिंगलान'च्या 73 भागांत तिने एक सावध, बुद्धी लपवून जगणारी मुलगी उभी केली आहे. सावत्रपणाच्या घरात मोठं होताना मान किती झुकवायची, याचा तिला पक्का अंदाज आहे. लग्नानंतर ती मान हळूहळू, भागागणिक, वर येते.

जोडीची 'केमिस्ट्री' नसेल तर?

प्रेमकथेत मग काहीच उरत नाही. पण जोडी जमणं हे ऐकण्यावर ठरतं, असं माझं मत आहे. समोरचा बोलत असताना हा काय करतो ते पाहा. आपली पाळी यायची वाट पाहणारा नट लगेच ओळखू येतो.

'द अनटेम्ड' इथे पुन्हा आठवते. मूळ कादंबरी दोन पुरुषांच्या प्रेमाची आहे. पडद्यावर ते दाखवता येत नसल्याने मालिकेत दोघे एकमेकांचे जिवलग, 'जीजी', म्हणजे अंतरंग जाणणारे मित्र आहेत. संहितेला जे बोलायची परवानगी नव्हती, ते शाओ जान आणि वांग यीबो यांनी 50 भाग नजरेतून सांगितलं. एक सतत बडबडतो, दुसरा सतत गप्प असतो आणि तरी संवाद चालू राहतो. जगभरच्या प्रेक्षकांना ते समजलं.

हलकंफुलकं हवं असेल तर 2022 ची 'लव्ह बिटवीन फेअरी अँड डेव्हिल' पाहा. सुरुवातीलाच दोघांच्या शरीरांची अदलाबदल होते. उग्र दैत्यराजाच्या देहात घाबरट परी, आणि परीच्या देहात तो. वांग हदी आणि यू शूशिन यांनी एकमेकांच्या लकबी इतक्या मन लावून उचलल्या आहेत की पुढची प्रेमकथा आपण आपोआप मानतो. या दोघांनी एकमेकांना नीट पाहिलं आहे, हे आपल्याला आधीच पटलेलं असतं.

चाळिशीतल्या नट्या पंधरा वर्षांच्या मुली का होतात?

कारण त्याच नटीने पुढची तीस वर्षंही करायची असतात. 'रुयीज रॉयल लव्ह इन द पॅलेस'मध्ये जोउ शुन, 2021 च्या 'द रिबेल प्रिन्सेस'मध्ये जांग झियी, दोघींवर याबद्दल भरपूर टीका झाली. मलाही ते सुरुवातीचे भाग जड गेले. पण जोउ शुनच्या मालिकेच्या उत्तरार्धात विटलेल्या संसाराचा जो थकवा दिसतो, तो विशीतल्या नटीला जमला असता असं मला वाटत नाही.

मुख्य नट जेमतेम असेल तर मालिका सोडावी का?

लगेच नको. तिथे 'लाओ शीगू' म्हणून एक शब्द आहे, म्हणजे मुरलेले जुने नट. ते बऱ्याचदा प्रसंगच्या प्रसंग तोलून धरतात. 'जॉय ऑफ लाइफ'मध्ये छन दाओमिंगचा बादशहा सैल झगा, विस्कटलेले केस अशा अवतारात बसून बाणाची टोकं घासतो. तो साधं काहीतरी विचारतो आणि आपणच घाबरतो. अर्थात तिथे नायक जांग रुओयुनही चांगला आहे, म्हणून जुगलबंदी रंगते.

मोठा नायक किंवा नायिका कधीकधी दुसऱ्याला भाव खाऊन जाऊ देते, हेही पाहण्यासारखं असतं. 'एम्प्रेसेस इन द पॅलेस'मध्ये जन ह्वानची वैरीण असलेल्या ह्वा फेई या राणीच्या मृत्यूचा प्रसंग आहे. बादशहाने प्रेमाने दिलेल्या धूपामुळेच आपल्याला मूल झालं नाही, हे तिला जन ह्वानकडून कळतं. ह्वा फेई झालेली ज्यांग शिन तिथे कोसळते, ओरडते, शेवटी भिंतीवर डोकं आपटून जीव देते. सुन ली त्या प्रसंगात सत्य सांगण्यापुरती बोलते आणि मग बाजूला होते. इतकी वर्षं द्वेष केलेल्या बाईचं दुःख पाहताना तिच्या चेहऱ्यावर विजयाचा आनंद नाही.

मला खलनायकच जास्त आवडतो. चुकतंय का काही?

मुळीच नाही. 2023 ची 'द नॉकआउट' अख्ख्या चीनने तशीच पाहिली. पोलीस आन शिनच्या भूमिकेत जांग यी आहे आणि तोही उत्तम आहे, पण लोक वेडे झाले ते जांग सोंगवेनच्या गाओ छीछ्यांगसाठी. हा नट आधी टूरिस्ट गाइड होता, पुढे अभिनय शिकवायचा, आणि अशी प्रसिद्धी त्याला चाळिशी उलटल्यावर मिळाली.

कथा 2000 च्या चिनी नववर्षाच्या आदल्या रात्री सुरू होते. गाओ बाजारात मासे विकतो. गुंडांकडून मार खाऊन पोलीस ठाण्यात बसलेला असताना आन शिन त्याला डंपलिंग खायला देतो. ते खाताना त्याच्या चेहऱ्यावर कृतज्ञता, लाज आणि भूक एकाच वेळी आहेत. पुढे 39 भागांत, 2006 आणि मग 2021 पर्यंत, हा माणूस शहराचा डॉन होतो. त्याच्या उतरलेल्या खांद्यांत आपल्याला तो मासेवाला शेवटपर्यंत दिसत राहतो, म्हणूनच त्याची भीतीही वाटते आणि कीवही येते. मालिकेत तो सुन झीचं युद्धशास्त्रावरचं प्राचीन पुस्तक वाचतो. मालिका चालू असताना चीनमध्ये त्या पुस्तकाचा खप वाढला.

एवढे भाग पाहायला वेळ नाही. सुरुवात कशाने करू?

फेब्रुवारी 2020 च्या सरकारी सूचनेनंतर मालिका साधारण 40 भागांच्या आत ठेवल्या जाऊ लागल्या (2025 मध्ये ही मर्यादा सैल झाली) आणि बारा भागांच्या उत्तम मालिकाही येऊ लागल्या आहेत. नेटफ्लिक्स, व्हिकी आणि निर्मात्यांच्या अधिकृत यूट्यूब वाहिन्यांवर बरंच काही मिळतं. वीटीव्ही आणि मँगो टीव्ही या ॲपवर मात्र भारतात नोव्हेंबर 2020 मध्ये बंदी आली.

माझा आग्रह असा की शिन श्वांग या दिग्दर्शकाच्या दोन मालिका पाठोपाठ पाहा. आधी 2020 ची 'द बॅड किड्स', मग 2023 ची 'द लाँग सीझन', दोन्ही बारा भागांच्या. पहिलीत चिन हाओ हा सासू-सासऱ्यांना डोंगरावरून ढकलणारा गणिताचा शिक्षक आहे. एका प्रसंगात तो डोक्यावरचा टोप काढतो आणि टक्कल उघडं पडतं, तेव्हा अंगावर काटा येतो. दुसरीत तोच नट सुटलेल्या पोटाचा, बडबड्या, प्रेमळ गोंग ब्याओ झालाय. मला पहिल्या भागात तो ओळखूच आला नाही.

आणि 'द लाँग सीझन'मध्ये फान वेइ आहे. चीनभर त्याला लोक ओळखतात ते विनोदी प्रहसनांमुळे. इथे तो वांग शियांग आहे: 1997-98 मध्ये ईशान्येकडच्या एका पोलाद कारखान्यात रेल्वे इंजिन चालवणारा, आपल्या पदाचा अभिमान असलेला बाप, आणि 2016 मध्ये टॅक्सी चालवणारा म्हातारा. मधल्या वर्षांत त्याचा मुलगा गेला, कारखाना गेला. फान वेइने म्हातारपणीही विनोद सोडलेला नाही, फक्त तो आता दुखऱ्या पायाने चालावं तसा जपून करतो. शेवटच्या भागात म्हातारा वांग शियांग शेतातून रुळांकडे पाहतो. समोरून त्याचंच जुनं इंजिन येतं आणि खिडकीत तो स्वतःच असतो, तरुण. म्हातारा गाडीबरोबर धावू लागतो आणि ओरडून सांगतो, पुढे बघ, मागे वळू नकोस. तरुण वांग शियांगला नीट ऐकू येत नाही. तो खिडकीतून वाकून पाहतो.